न आलेला रंग

जानेवारी उतरणीला लागला की धारवाडच्या बाजारात सीतनीवाले बसतात. सीतनी म्हणजे हुरडा. कोवळ्या ज्वारीची कणसं गोवरीच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारून तूस उडवायचं आणि हिरवे गोड दाणे शेंगाचटणीला लावून तोंडात टाकायचे. या दिवसांत सगळा गाव खुशीत असतो. मी नसते. घरात कुणी सीतनीची पुडी आणली की मी आत जाऊन भांडी आपटते, आणि नवरा बाहेरून म्हणतो, "सुगी आली वाटतं." त्याला कारण ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ती सुगी. हुबळीला विद्यानगरच्या बाजूला एका प्रयोगशाळेत मी अनोळखी माणसाच्या मूत्रपिंडाचे काप करत बसले होते, आणि धारवाडच्या घरात माझे अप्पा एकेक पायरी धरून जिना चढत होते. पुढं तेही जमेना. दोन्हीकडं काय बिघडलंय ते कुणालाच कळत नव्हतं. हवा मात्र अशी सुंदर, की राग यावा. सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, संध्याकाळी आगट्यांचा धूर. एवढ्या चांगल्या हवेत माणसं आजारी पडतात, याची मला तेव्हा चीड यायची. अजून येते.

अप्पा शाळेत गाणं शिकवायचे आणि संध्याकाळी घरी. आमच्या गावात गाणं शिकवणं ही काही फार मोठी गोष्ट नाही, गल्लीत तंबोऱ्याचा आवाज नसला तर माणसं विचारतात, काय झालं म्हणून. अप्पा मोठे गवई नव्हते. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं दुःखही त्यांनी केव्हाच पचवलं होतं. वर्षातून एकदाच ते ताठ व्हायचे. माघात त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी असायची. सकाळच्या बैठकीत पहिली हजेरी अप्पांची. ते शिष्यांत थोरले, म्हणून तो मान त्यांचा. मंडळी चहाचे कप घेऊन येऊन टेकेपर्यंत अप्पांचं गाणं अर्धं झालेलं असायचं. पण ते गायचे ते गुरूंच्या तसबिरीकडं बघून. लोकांशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

आणि आमच्या घराला वास होता ज्येष्ठमधाचा. गाणाऱ्याचं घर म्हटल्यावर असणारच. अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात कांड्या, तंबोऱ्याच्या गवसणीत कांड्या, उशीखाली कांड्या. बोलताना गालात एक कांडी असायचीच. रागवायचं झालं तर ती आधी या गालातून त्या गालात जायची. तेवढ्या वेळात आम्ही पळून जात असू. शाळेत माझ्या वह्यांना तो वास येतो म्हणून मुली हसायच्या. मला मात्र बाकीच्यांच्या घरांनाच काही वास नाही असं वाटायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर अप्पांचा आवाज फाटला. वरचा षड्ज लागेना. लागला तर टिकेना. साठीला आलेल्या माणसाचा आवाज, कधीतरी उतरणारच. पण हे बाहेरच्यानं म्हणायचं. अप्पा रोज पहाटे तंबोरा घेऊन बसायचे, तिथंवर जायचे आणि तिथंच अडकायचे. आई स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकत राहायची. मग उठून पातेलं चढवायची. ज्येष्ठमध ठेचून पाण्यात उकळायचा, निम्मं आटवायचं, गाळून थर्मासमध्ये भरायचं. सकाळी एक थर्मास, शाळेतून आल्यावर एक. शिवाय दिवसभर चघळायच्या कांड्या होत्याच. शिष्यही भेटीला येताना फळं आणायच्या ऐवजी कांड्यांच्या जुड्याच आणायचे. गुरुजींचा आवाज बसलाय म्हटल्यावर दुसरं काय आणणार?

माझं काम थोडक्यात सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळायचं नाही. शरीरात मीठ धरून ठेवायला सांगणारं एक हार्मोन असतं. मूत्रपिंडात त्याच्यासाठी एक जागा राखलेली असते. पण रक्तात कॉर्टिसॉल नावाचं दुसरं एक हार्मोन कितीतरी जास्त असतं, आणि तेही त्याच जागेवर बसू शकतं. बसलं, तर मीठ साठतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम वाहून जातं आणि स्नायू लुळे पडतात. तसं होऊ नये म्हणून तिथं एक एन्झाइम असतं. लग्नाच्या पंगतीत दाराशी एक खमके मामा उभे असतात ना, बिनबोलावलेल्याला गोड बोलून बाहेरच्या बाहेर वाटेला लावणारे, तसं. ते कॉर्टिसॉलला निकामी करून सोडतं. हे मामा माणसाच्या मूत्रपिंडात नेमके कुठं उभे असतात, ते रंगवून दाखवायचं, असा डॉक्टर झाल्यावर घेतलेल्या माझ्या प्रबंधाचा विषय.

सांगायला सोपं आहे. गाठ झाली म्हणून ऑपरेशन करून काढलेलं मूत्रपिंड यायचं, त्याचा गाठीपासून लांबचा, निरोगी तुकडा मला मिळायचा. तो ताबडतोब गोठवायचा. त्यासाठी लागणारा द्रव नायट्रोजन आम्ही गुरांच्या दवाखान्यातून आणायचो. तिथं तो वळूंचं वीर्य गोठवून ठेवायला असायचा, आणि तिथला माणूस दरवेळी मला विचारायचा, "म्हैस की गाय, अक्का?" मी म्हणायचे, "माणूस." मग थंड पेटीतल्या पात्यावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे, काचेवर घ्यायचे आणि कॉर्टिसॉल आणि रंगद्रव्य घातलेल्या पाण्यात उबेला ठेवायचे. एन्झाइम जागं असेल तर तेवढ्याच जागी निळा रंग उमटतो. एन्झाइम मेलं असेल तर काच पाण्यासारखी.

माझी काच पाण्यासारखी होती. दर वेळी. वीज जायची, पेटी गरम व्हायची, तुकडा ओला व्हायचा. वीज नाही गेली तर दुसरं काही बिघडायचं. आमचे सर मोजकं बोलणारे. संध्याकाळी घरी जाताना दारात थांबायचे आणि कन्नडमधून विचारायचे, "बण्ण बंत?" रंग आला?

"इल्ल, सर."

ते मान हलवायचे आणि जायचे. रागवायचेही नाहीत. रागवले असते तर बरं झालं असतं. मी त्या स्टुलावर बसून रडले आहे, काचा पुसता पुसता रडले आहे. कुठल्या तरी माणसानं आपलं मूत्रपिंड गमावलं होतं आणि मी त्याचा तुकडा वाया घालवत होते. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. तो जुन्या हुबळीतला कुणी असेल, अरुंद बोळात शिवणयंत्र चालवणारा, असं मी उगाच ठरवून टाकलं होतं आणि मनातल्या मनात त्याची माफी मागायचे.

संक्रांतीच्या सुमारास अप्पांना तंबोरा उचलेना. शिष्यानं आणून मांडीवर ठेवायचा. मग केस विंचरताना हात वर राहीना. पाय सुजले. छातीत मधूनच धडधड व्हायची, एखादा ठोका चुकायचा, आणि ते गाणाऱ्या माणसाच्या सवयीनं म्हणायचे, "सम चुकली बघ." रक्तदाब एवढा, की यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणवलं. हुबळीला, माझ्या प्रयोगशाळेला लागून असलेल्या आमच्याच दवाखान्यात दाखल केलं. रक्त तपासलं, तर पोटॅशियम तळाला गेलेलं.

डॉक्टर भले होते. त्यांनी सगळं विचारलं. "एन औषध तगोंतीरी?" काय औषध घेता?

"एनू इल्ल," अप्पा म्हणाले. काही नाही. आणि खरंच तर बोलले ते. आयुष्यात डोकेदुखीची गोळी घेतली नव्हती त्यांनी. "झाडपाल्याचं, वैद्याचं काही?" "छे हो, मास्तर माणूस मी, वैद्याकडं कशाला जाऊ?" हे बोलताना त्यांच्या गालात कांडी होती. मी बाजूला उभी होते. आईच्या मांडीवर थर्मास होता. मला दोष देऊ नका, मीही स्वतःला देत नाही. औषध काय घेता असं विचारल्यावर कुणी पाणी त्यात धरत नाही. गाणाऱ्याच्या घरात ज्येष्ठमध म्हणजे तंबोऱ्याच्या तारेसारखा, तो गाण्याच्या सामानात मोडतो.

त्यांना पोटॅशियमचं सिरप सुरू झालं. चव अशी भयंकर, की घोट गेला की अप्पा डोळे मिटायचे आणि तोंड गोड करायला कांडी लावायचे. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा खाली. आवाज तर आता बोलण्याचाही क्षीण झाला होता, कारण छातीत जोरच नव्हता. आईला दिसायचा तो फक्त आवाज. मग ती काढा आणखी दाट करायची. आवाज गेला म्हणून काढा, आणि काढ्यानं आवाज आणखी खाली. त्या चक्रात आम्ही सगळे फिरत होतो, प्रेमानं फिरत होतो.

डॉक्टरांना संशय आला, की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असेल. गाठ दिसेना. माझं एन्झाइम बंद पडलं तरी असंच होतं, पण ते जन्मापासूनच बंद असतं एवढंच मी वाचलं होतं, साठीच्या माणसात ते मी धरलंच नाही. "बंगळूरला न्या," ते म्हणाले, "उघडून बघावं लागेल. पण या पोटॅशियमवर भूल द्यायची म्हणजे..." मी डॉक्टर होते, मला कळलं. हृदय कुठल्याही क्षणी थांबू शकत होतं, टेबलावर, नाहीतर असंच, चहा पिताना.

मी देवभोळी नाही. पण त्या दिवसांत धारवाडची बस नवनगरच्या थांब्यावर थांबली की मी खिडकीतून दिसणाऱ्या मारुतीला रोज नवं काहीतरी कबूल करायचे. रंग नको, प्रबंध नको, म्हणायचे, अप्पांचे पाय दे. परतीच्या बसमध्ये मला शरम वाटायची आणि मी दोन्ही मागायचे. बाहेर काळ्या रानात ज्वारी उभी असायची, माणसं आगटीभोवती बसून हसत असायची. माझा बाप डोळ्यांसमोर विझत होता आणि शिकलेलं सगळं कवडीच्या किमतीचं नव्हतं.

माघाच्या तोंडावर, एका साध्या सकाळी, रंग आला.

वीज गेली नव्हती, एवढंच कारण. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवली आणि बघते तर निळी कडी. सगळीकडं नाही. रक्त गाळणाऱ्या गुच्छांत काही नाही, जवळच्या नळ्यांत काही नाही. लांबच्या, शेवटाकडच्या नळ्यांच्या भिंतीत तेवढा निळा. तिथंच उभे होते मामा. मी सरांना बोलवायला धावले. त्यांनी बराच वेळ बघितलं. त्यांचे कान लाल झाले, ते खूष झाले की व्हायचे.

"छान," ते म्हणाले. "पण हा रंग त्याच एन्झाइमचा कशावरून? दुसऱ्या कशाचा असेल तर? त्याला अडवून दाखवा. अडवल्यावर रंग गेला पाहिजे." त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली काढली. आत पांढरी पूड. "हे घाला. हे या एन्झाइमला झोपवतं."

"काय आहे, सर?"

"आम्ल आहे. नाव लांब आहे," ते म्हणाले आणि चष्मा पुसत पुढं म्हणाले, "आपल्या ज्येष्ठमधातनं काढतात."

काप घेतला, ते आम्ल घातलं, उबेला ठेवलं आणि समोर बसून राहिले. नाकात घराचा वास येत होता, त्या पुडीला तर वास नव्हताच. वेळ झाल्यावर काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. पाण्यासारखी. त्याच माणसाचं मूत्रपिंड, त्याच नळ्या, मघाशी निळ्या होत्या त्या. आता कुठं काही नाही. सगळा हंगाम मी न आलेल्या रंगापायी रडले होते, आणि आता तो आला नाही तो असा. त्या पांढऱ्या काचेत मला अप्पा दिसले, म्हणजे खरोखरच दिसले. दाराशी मामा झोपलेले, आत नको त्यांची गर्दी.

दारातून सरांनी विचारलं, "बण्ण बंत?"

"इल्ल, सर."

"गुड," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून आत आले. मी त्यांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती घेतात?"

"दिवसभर," मी म्हटलं, आणि तिथून पळाले.

वॉर्डात आई नुकती धारवाडहून आली होती. थर्मासचं झाकण उघडून ती कपात काढा ओतत होती. मी तो कप तिच्या हातातून घेतला, थोडा हिसकावलाच. अप्पांच्या उशीखालच्या, खिशातल्या कांड्या काढून घेतल्या. "तोंडातली पण," मी म्हटलं.

"काय चालवलंयस हे?" अप्पांचा आवाज जेमतेम येत होता.

"यानं होतंय सगळं. पाय यानं गेलेत. छाती यानं धडधडतीय. अप्पा, डॉक्टरांनी विचारलं होतं, औषध काय घेता म्हणून."

"ते औषध कुठाय गं," अप्पा म्हणाले. "ते ज्येष्ठमध आहे."

आई खाटेच्या कडेला बसली. थर्मास तिनं पदरात धरून ठेवला होता, बाळाला धरतात तसा. मग म्हणाली, "मीच उकळत होते की." मी तिला म्हटलं, तू प्रेमानं केलंस. ती म्हणाली, "तेच म्हणतीय मी." त्या दिवसानंतर आईनं कुणालाही, साध्या सर्दीलासुद्धा, काढा दिला नाही.

हळूहळू पोटॅशियम वर आलं. सूज उतरली. बंगळूर टळलं. मंडळींनी पुण्यतिथीची बैठक थोडी पुढं ढकलली, त्यांच्यासाठी. अप्पा आपल्या पायांनी व्यासपीठाच्या पायऱ्या चढून वर गेले, तंबोरा स्वतः लावला आणि तसबिरीकडं बघून गायला बसले. वरच्या षड्जाशी आले आणि आवाज फाटला. त्यांनी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मंडळींनी चहाच्या कपांत बघायला सुरुवात केली. अप्पांनी तंबोरा धाकट्या शिष्याच्या हातात दिला, नमस्कार केला आणि खाली येऊन माझ्याशेजारी बसले. घरी येताना रिक्षात म्हणाले, "पाय दिलेस परत. गळा घेतलास."

मी त्यांना शास्त्र सांगितलं. आवाज वयानं गेलाय, ज्येष्ठमधानं फक्त घशाला बरं वाटतं, तो असता तरी षड्ज लागला नसता. त्यांनी ऐकून घेतलं. मानलं नाही. त्यानंतर ते शिकवत राहिले, नातवंडांना शाळेत सोडत राहिले, बाजारात उभं राहून सीतनी खात राहिले. बैठकीत मात्र पुन्हा बसले नाहीत. माझा प्रबंध पुरा झाला, त्यातल्या निळ्या काचेचं कौतुकही झालं. शेजारच्या पांढऱ्या काचेखाली मी काय ते शास्त्रीय नाव लिहिलं. तिच्याकडं कुणी फारसं बघितलं नाही. त्या दोन काचा मी अप्पांना कधी दाखवल्या नाहीत. त्यांनीही मागितल्या नाहीत.

मग पुढच्या दशकातली एक सुगी. आई आधीच गेली होती. अप्पांच्या फुप्फुसात गाठ निघाली, या खेपेला खरी गाठ. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते मला सांगावं लागलं नाही आणि त्यांनाही. धारवाडच्या दवाखान्याच्या खिडकीबाहेर आगट्यांचा धूर होता. अप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि गळ्याला बोट लावलं. मला वाटलं, पाणी. त्यांनी मान हलवली. मग मला कळलं.

मी बाजारात गेले. आम्ही कांड्या आणायचो त्या दुकानात मी कितीतरी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. आत शिरताच तो वास आला आणि मी भर गिऱ्हाइकांत रडायला लागले. दुकानदार गोंधळला. त्यानं न विचारता चांगल्या जाड कांड्या निवडून दिल्या. परत येऊन मी एक कांडी धुतली, टोक दातांनी सोललं आणि अप्पांच्या गालात ठेवली. त्यांनी चोखलं. कपाळाला आठी पडली. "जुना आहे," ते पुटपुटले, आणि तरीही सोडला नाही.

संध्याकाळी नवा डॉक्टर आला, कोवळा पोरगा, नुकता कामाला लागलेला. त्यानं सगळं विचारलं. "औषध काय काय चालू आहे, मॅडम?"

मी वेदनेची गोळी सांगितली, झोपेची सांगितली. मग म्हटलं, "ज्येष्ठमध."

तो हसला. "ते औषध नव्हे, मॅडम."

"औषधच आहे," मी म्हटलं. "लिहा."

त्यानं लिहिलं. अप्पांचे डोळे मिटलेले होते. पण त्यांनी कांडी या गालातून त्या गालात नेली.